एकोणतीस एप्रिलची तिथी

निरगुडसर, २ मार्च २००१

तीर्थरूप दादांस,
शि. सा. न. वि. वि.

आपल्या तेजस्विनीचं लग्न जुन्नरच्या पाहुण्यांकडं ठरलं. तिथी एकोणतीस एप्रिल, रविवार. आण्णांच्या माघारी घरातले वडील तुम्ही, तेव्हा व्याहीभेटीची पहिली गळाभेट तुमची. सबब चालणार नाही.

पेपरातला तुमचा फोटो गावभर फिरला. गळ्यात साखळी, कमरेला निळं-पांढरं फडकं. आपले गेणभाऊ विचारत होते, की रेल्वेचं येवढं मोठं सायेब, मग आचाऱ्यावानी फडकं कशापायी बांधत्यात? मी काय सांगणार? फ्रीमेसन म्हणजे काय, ते तुम्ही मला कधी सांगितलंच नाही. तिथं सगळे एकमेकांना भाऊ म्हणतात, एवढं ऐकून आहे.

खरं सांगतो, पोटात दुखतं. तुमचे ते पारशी भाऊ आजारी पडले, तर दवाखान्यात आठवडाभर उशाशी बसलात. आण्णांच्या शेवटच्या दुखण्यात दोन दिवस आलात, तेही फायली घेऊन. त्यानंतर सहा वर्षं झाली. अख्ख्या डिव्हिजनच्या गाड्या वेळेवर चालवता, आणि निरगुडसरला यायला तुम्हाला वेळ नाही. सख्ख्या भावाचा नंबर कितवा, तेवढं कळवा.

तिकडच्या भावांना वाटून लोभ उरला, तर थोडा इकडं धाडावा.

तुमचा,
संपत

पुणे, ११ मार्च २००१

चि. संपतास,
अ. उ. आ.

तेजूची बातमी वाचून फार आनंद झाला. पण नेमक्या एकोणतीसलाच मुंबईत मला आमच्या लॉजच्या, म्हणजे फ्रीमेसनांच्या सभेच्या, प्रांतप्रमुखाच्या खुर्चीवर बसवणार आहेत. छापील निमंत्रण संक्रांतीला पाठवलं होतं, पोचलं नसावं. अठरा वर्षं या खुर्चीची वाट पाहिली रे. दुसरी तिथी निघते का, गुरुजींना विचार.

तू चिडवतोस, पण ऐक. ऑफिसात मी आत गेलो की माणसं उठून उभी राहतात. शेवटचा गावी आलो, तेव्हा तूही खुर्ची पुसून दिलीस. लॉजमध्ये एक रिटायर्ड गार्ड माझ्या वरच्या जागी बसतो आणि चुकलो तर दटावतो. मला तिथं बरं वाटतं.

माया आहे तशीच आहे, तिचं माप काढत बसू नकोस.

तुझा,
बाळासाहेब

निरगुडसर, २२ मार्च २००१

ती. सौ. वैजयंतीबाईंस,
धाकट्या जावेचा सा. न. वि. वि.

यांनी भाऊजींना कळवलं, की गुरुजींनी एकच तिथी काढली. ते खोटं आहे. तिथ्या तीन होत्या. तुमचं कार्ड संक्रांतीलाच पोचलं होतं. यांनी ते वाचून पंचांगात दडवलं, आणि गुरुजींनी तारखा सांगितल्यावर हट्टानं तीच धरली. मी विचारलं तर म्हणाले, की बघू तरी, दादा कंच्या भावाकडं जातोय. बैठकीत पाहुण्यांसमोर मी गप्प बसले, ही माझीही चूक. आता पत्रिका छापून झाल्या.

माणूस तिरसट आहे, पण रोज दुपारी पोस्टमनच्या वाटेकडं डोळे लावून बसतो. भाऊजींना सांगायचं की नाही, तुम्हीच ठरवा.

रागावलात तरी जाऊपणा सोडू नये.

तुमची,
शीला

पुणे, ६ मे २००१

चि. संपतास,
अ. उ. आ.

तुझं माफीचं पत्र मिळालं. माफी कसली मागतोस? शीलाचं पत्र वैजयंतीनं मला मार्चमध्येच दाखवलं होतं. तिथी तू मुद्दाम धरलीस हे ठाऊक असूनच मी आलो. खुर्चीवर दुसरे बसले, आता या वयात ती पुन्हा मिळायची नाही. तुझा राग आला होता, लपवत नाही.

पण लग्नात आणखी एक झालं. व्याहीभेटीला तू मला पुढं केलंस, मान दिलास, सगळं रीतसर पार पडलं. मग पाठवणीच्या वेळी तेजू तुझ्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. तुझ्या गोठ्यात राबणाऱ्या गेणभाऊंच्याही गळ्यात पडली. माझ्यासमोर आली तेव्हा तिनं डोळे पुसले, पदर सावरला आणि वाकून नमस्कार केला. येते सायेबकाका, म्हणाली.

संपत, खुर्ची गेली त्याचं एवढं लागलं नाही. मला गेणभाऊंचा हेवा वाटला.

ती माहेरपणाला कधी येणार, ते कळव. मी रजा टाकतो.

तुझा,
दादा