वल्हांडणाची साफसफाई

२८ मार्च १९७१, रविवार

अर्जावर दुसऱ्या सभासदाची सही मिळाली! डॉ. बर्नफेल्ड म्हणाले, डिग्री नसली तरी चालेल, हस्तलिखित मात्र बैठकीत समोर हवं. वीस एप्रिलला. अठ्ठावन्नाव्या वर्षी मी यहुदी विद्या मंडळाची सभासद! म्हणजे मंडळ माझं काम छापणार. जेरुसलेमच्या म्हाताऱ्यांकडून गोळा केलेल्या घरच्या प्रार्थना – कणीक मळतानाच्या, बाळंतपणाच्या. सांगणाऱ्या बहुतेक जणी गेल्या. माझ्या कागदांवर काय त्या उरल्या.

झेलिगदादाला सांगितलं. सूप पिता पिता म्हणाला, "ती माणसं देव मानत नाहीत आणि देवाचा अभ्यास करतात. आपल्या बायकांची गाऱ्हाणी त्यांच्यापुढे कशाला मांडतेस, फ्रूमे?"

मग मीठ मागितलं.

४ एप्रिल, रविवार

वल्हांडण सणाची सफाई. घरात खमिराचा, पावाचा, आंबवलेल्या पिठाचा कण राहता कामा नये, पुस्तकंसुद्धा झटकायची. कंबर मोडली. माझी खोली दादा झटकतो म्हणाला. आजवर कधी हात लावला नव्हता! करू दे बापडा.

८ एप्रिल, गुरुवार

कागद नाहीत.

११ एप्रिल, रविवार

सणात लिहू नये म्हणतात. लिहितेय.

दादाने कागद प्रार्थनेच्या सभास्थानातल्या पेटीत टाकले, फाटक्या पोथ्यांबरोबर. पिवळे पडले होते, त्याला जुने वाटले. "पानापानावर देवाचं नाव. कचऱ्यात टाकू काय?" असल्या कागदांना आम्ही माणसासारखं पुरतो. सणाआधीच पेटीतली पोती कबरस्तानात गेली म्हणे, माती पडली. पुरलेलं उकरत नाहीत.

दुसरी प्रत? नाही. टाइप करायला सणानंतर द्यायचे होते. मूर्ख बाई!

रागावताही येईना. सणाच्या पहिल्या रात्री त्याने घास उचलला नाही. मीच अंडं सोलून दिलं, म्हटलं, तुझ्या हातून पाप नाही झालं, दादा. त्याने ते माझ्याच ताटात सरकवलं.

१३ एप्रिल, मंगळवार

आठवून लिहायला बसले. गिट्लमावशीची कणकेची प्रार्थना. ती हात पिठात घातल्याशिवाय सांगायचीच नाही, मी ओट्याशी उभी राहून उतरवून घेतली होती. चार ओळी आठवल्या. पाचवी माझीच निघाली, तिची नव्हे. कागद फाडायला घेतला – तोही फाडता येईना, देवाचं नाव आहे त्यावर.

आता कुणाला विचारू? मावशीला जाऊन सहा वर्षं झाली.

१४ एप्रिल, बुधवार

काही नाही. भांडी घासली.

२० एप्रिल, मंगळवार

रिकाम्या हाताने गेले. बर्नफेल्डनी झालं ते माझ्या वतीने सांगितलं. टेबलाच्या टोकाला एक टकले प्राध्यापक होते, कैरोच्या सभास्थानात शतकानुशतकं पडून राहिलेल्या अशाच टाकाऊ कागदांच्या अभ्यासात ज्यांचं सगळं आयुष्य गेलं. ते म्हणाले, "बाई, काळजी करू नका. नऊशे वर्षांनी कुणीतरी उकरेल आणि तुमच्यावर प्रबंध लिहील."

सगळे हसले. मीपण हसले!

अर्ज निकाली. समोर काम नाही, तर कशाच्या जोरावर घेणार? त्यांचंही खरंच. बर्नफेल्ड जिन्यापर्यंत आले, नवीन काहीतरी सुरू करा म्हणाले. या वयात!

घरी दादाने सूप गरम करून ठेवलं होतं. "झालं ना? जेव आता," म्हणाला. जेवले. संपलं सगळं. हे लिहून तरी काय उपयोग?

२२ एप्रिल, गुरुवार

भाजी आणायला जाताना सभास्थानाचा रखवालदार ओवाद्या भेटला. कबरस्तानातल्या खड्ड्यात पाणी साचलंय, म्हणाला, पोती अजून तळघरातच आहेत. भाजीची पिशवी तिथेच टाकून धावले! आमच्या घरचं पोतं सापडलं, वर दादाच्या अक्षरात आडनाव. आत फाटक्या पोथ्या आणि तळाशी साखरेची एक कागदी पिशवी.

पिशवीत देवाची नावं. माझ्या अक्षरातली, एकेक कात्रीने नीट कापून काढलेली. शेकडो. दुसरं काही नाही.

सणाच्या आदल्या सकाळी गल्लीत सगळे उरलंसुरलं खमीर जाळतात. दादा दोनदा खाली गेला होता. नाव काढून घेतलं की उरतो तो नुसता कागद. तो जाळायला आमच्यात मनाई नाही.