हिरडीचा घरगुती बंदोबस्त

४ नोव्हेंबर, सकाळ
डावीकडच्या शेवटच्या दाढेपाशी हिरडी सुजली आहे. किरकोळ. पण बसस्टँडवरच्या अनाउन्सरनं तोंडाकडे दुर्लक्ष करून चालत नाही, म्हणून नोंद. ही म्हणाली, खालच्याच मजल्यावर डेंटिस्ट आहे, घरच्या कपड्यांत जाऊन याल. मी तिला शांतपणे समजावलं की निसर्गानं दुखणं दिलं तर औषधही आपल्याच स्वयंपाकघरात ठेवलंय. कोमट पाणी आणि मीठ. शनिवारपर्यंत विषय बंद.
डेंटिस्टला मी घाबरत नाही. मुद्दाम लिहून ठेवतो, कारण ही माहेरी तसं सांगते.

५ नोव्हेंबर
गुळण्या चालू. चांगला फरक. म्हणजे दुखतंय तेवढंच, पण दुखण्याचा स्वभाव बदललाय. काल ठणकत होतं, आज ओढ लागल्यासारखं होतं. जेवताना फक्त उजवीकडून चावलं. माणसाला दोन बाजू उगाच दिलेल्या नाहीत.

७ नोव्हेंबर
लवंगेचं तेल. बाटलीवर 'एक-दोन थेंब' असं छापलंय. असल्या सूचना भित्र्या लोकांसाठी असतात. बोळा चिंब भिजवून दाढेत दाबला. हिरडी बधिर, पाठोपाठ जीभही. ड्युटीवर मी 'फलाट क्रमांक सात' असंच म्हणालो, पण लोकांना 'आठ' ऐकू आलं म्हणे. एक म्हातारं जोडपं भलत्याच गाडीत बसून गेलं. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून तोंड डॉक्टरला दाखवून घ्यायला सांगितलं. मी म्हणालो, माइक जुना झालाय.

९ नोव्हेंबर
हळदीचा लेप. उशीचा अभ्रा पिवळा, हिचं बोलणं बंद.
सूज आता गालावर दिसते. हे उत्तम लक्षण. आतलं बाहेर पडतंय. आरशात डावा गाल उजव्यापेक्षा खात्यापित्या घरचा वाटतो.
तिकीट खिडकीवरच्या बाईंचीही हिरडी दुखत होती. त्यांना मिठाच्या गुळण्या सांगितल्या, दुसऱ्या दिवशी ठणठणीत. त्यांना नुसता ब्रश लागला होता, हा तपशील गौण. पद्धत सिद्ध झाली.

११ नोव्हेंबर, दुपार
सकाळी हुडहुडी भरली. मग ताप. शरीर लढतंय. रजा टाकली.
तोंडात कसलीशी घाण चव आहे, कितीही चुळा भरा, जात नाही. सूज गालावरून खाली सरकलीय. जबड्याखाली बोट लावलं तर लाकडी पाट लागतो. लसूण ठेचून लावला. भाजलं. भाजणं म्हणजे काम चालू असणं.
ताईचा फोन. माझा आवाज ऐकून तिनं विचारलं, कोण बोलतंय? मी सांगितलं, काळजी करू नकोस, आपले बाबा जन्मात डेंटिस्टची पायरी चढले नाहीत, सगळे दात घेऊन गेले. तिनं तिकडचा टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "बाबा हार्टनं नाही गेले रे. दाढ सुजली होती. सूज गळ्यात उतरली आणि श्वास कोंडला. तुझी परीक्षा चालू होती, म्हणून आईनं तुला हार्ट सांगितलं. मग तेच चालत राहिलं."
ताईला लहानपणापासून नाटकाची आवड. शिवाय त्या काळी लवंगेचं तेल शुद्ध मिळत नसणार.
अक्षर वाकडं येतंय. तापामुळे.

१२ नोव्हेंबर, सकाळ
आडवं पडलं की गळ्यावर कुणी बसल्यासारखं होतं. म्हणून खुर्चीत. थुंकीही गिळवत नाही, मांडीवर टॉवेल घेतलाय. तोंड जेमतेम चमच्याच्या कडेएवढं उघडतं.
नवा प्लॅन: मीठ, हळद, लवंग, लसूण, सगळं एकत्र. आत कसं घालायचं एवढाच प्रश्न. ज्यूसची स्ट्रॉ शोधायला हवी.
हिनं विचारलं, जायचं का? मी स्पष्ट नाही म्हणालो. तिला ते ऐकू गेलं नसावं. कपाटातून पिशवी काढतेय.
बाबाही असेच बसून राहिले असतील का? असले विचार करायचे नाहीत. संध्याकाळपर्यंत उतरेल.
श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतोय. खिडकीचा असेल. खिडकी बंद आहे.

१६ नोव्हेंबर, हॉस्पिटल
जबड्याखाली चीर, चिरेत रबरी नळी. दाढ गेली. पू दाढेच्या मुळाशी होता, हिरडी बिचारी नुसती निरोप देत होती. सर्जन म्हणाले, सुरुवातीला आला असता तर खुर्चीत बसल्या बसल्या काम झालं असतं. आणि आणखी थोडा उशीर केला असता, तर. इथं ते चार्ट वाचू लागले.
मी त्यांना कागदावर लिहून दिलं की मिठामुळे केस बरीच कंट्रोलमध्ये होती. त्यांनी वाचून कागद नर्सकडे दिला. नर्स तो घेऊन बाहेर गेली. बाहेर हसण्याचा आवाज आला. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत असेल.
साहेब भेटून गेले. अनाउन्सिंग तिकीट खिडकीवरच्या बाई करतायत. घाई करू नका, म्हणाले. जाताना दारातून परत एकदा म्हणाले.
बोलायला अजून मनाई आहे. हिला लिहून विचारलं, मी नाही म्हणत असताना मला इथं आणलंसच कसं? ती नळीखालचं कापड बदलत होती. हातातलं काम न थांबवता म्हणाली, "तोंड उघडत नव्हतं ना तुमचं. उघडत असतं, तर तुम्ही मला पटवलं असतं."