काचेवर गिरवलेली शीट

पनवेल,
२० जानेवारी १९९२

ती. गुरुदत्तदादास,
अनुयाचा सा. न. वि. वि.

आई-बाबा मजेत आहेत. तिळाचे लाडू पोचले का?

मी मात्र धुसफुसते आहे. मेकॅनिकलच्या आमच्या वर्गात मुली दोघीच, मी आणि करंजा गावची पूर्वी. ती डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आली, गणितात जेमतेम पास. तरी नव्या सरांना सगळीकडे तीच दिसते. सरांनी खूळच काढलंय. दर शनिवारी प्रत्येकाने उभं राहून सांगायचं, या आठवड्यात काय कळलं नाही आणि ते कळावं म्हणून काय केलं. कॉलेज संपल्यावर शिकवायला कोणी येणार नाही म्हणे, स्वतःचं स्वतः शिकायची सवय आत्ताच लागायला हवी. पूर्वी उठते आणि खुशाल सांगते, हे नाय कळलं, ते नाय कळलं. त्यावर सर खूश! मी पहिली येते, मला सगळं कळतं. मी काय सांगू?

उन्हाळ्यात तळोज्याच्या एका कारखान्यात ट्रेनिंगसाठी सर एकच नाव देणार आहेत. ते माझंच हवं. तिचं आलं तर मी कॉलेजात तोंड दाखवणार नाही.

तुझ्या कॉलेजातल्या जुन्या ड्रॉइंग शीट्स फार उपयोगी पडताहेत. टीपॉयची काच दोन खुर्च्यांवर ठेवून, खाली दिवा लावून, तुझी, दोन फिरते दांडे जोडणाऱ्या कपलिंगची शीट आज गिरवते आहे. माझ्यावरून अख्खा वर्ग गिरवेल, पूर्वी सोडून. तिला म्हणे स्वतः काढायची आहे. शिष्ट कुठली!

लोभ आहेच, तो कोणाबरोबर वाटून घ्यावा लागू नये.
तुझी अनुया

नाशिक,
२ फेब्रुवारी १९९२

चि. अनुयास,
अनेक आशीर्वाद.

लाडू पोचले आणि संपलेही. तुझा जळफळाट वाचून खूप हसलो. शेजारच्या मालूला नवी सायकल आली तेव्हा तुला ताप भरला होता, आठवतं?

पण हसू फार टिकलं नाही. आमच्या ड्रॉइंग ऑफिसात कॉम्प्युटर आलाय. केतन नावाचा नवा इंजिनिअर त्यावर भराभर ड्रॉइंग काढतो आणि साहेब दिवसभर त्याच्या खुर्चीमागे उभे. मी बोर्डावर पेन्सिल घासत त्याच्याकडे बघत बसतो. तुझी वहिनी म्हणते, विचारा ना त्याला. माझ्याहून एवढा लहान, त्याला कसं विचारू? मॅन्युअल घरी आणून चाळतो, डोक्यात काही शिरत नाही. तेव्हा जळणारी तू एकटी नाहीस, हे आपल्या रक्तातच आहे.

आई-बाबांना नमस्कार. माया आहेच, सल्ला मात्र मागू नकोस.
तुझा दादा

पनवेल,
२३ फेब्रुवारी १९९२

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या शीटने घात केला! ड्रॉइंगमध्ये शाफ्टचा दांडा लांबीत कापलेला दाखवतात तेव्हा त्यावर कापल्याच्या खुणेच्या तिरप्या रेघा मारायच्या नसतात. तू मारल्या होत्यास. म्हणून मी मारल्या आणि माझ्यावरून सगळ्यांनी. सरांनी शीट्स टेबलावर मांडल्या. सगळ्यांची चूक एकच, फक्त पूर्वीची शीट बरोबर. तिलाही आधी माहीत नव्हतं, पण ती जाऊन सरांना विचारून आली होती. रेघा का मारल्या, असं सरांनी आम्हाला विचारलं. कोणालाच सांगता येईना. मलाही.

ट्रेनिंगला पूर्वीचं नाव गेलं. घरी येऊन खूप रडले. अजूनही जळते, खोटं कशाला बोलू? पण आता तिच्या कौतुकाचा राग नाही येत. तिला विचारता येतं, याचाच हेवा वाटतो.

काल शनिवारी सांगायला माझा नंबर आला. सांगून टाकलं, शाफ्टवर रेघा का नसतात ते मला कळलेलं नाही, मी पूर्वीला विचारणार आहे. पोरं हसली. पूर्वीने बाकावर सरकून जागा केली आणि हळूच म्हणाली, मी पण घाबरूनच इचारते. सोमवारी डबा खाताना समजावणार आहे.

आता तू केतनला विचार. नाहीतर तुझ्या बाकीच्या शीट्सही सरांना दाखवेन!

तुझ्या लोभातली,
अनुया

नाशिक,
१ मार्च १९९२

चि. अनुयास,
अनेक आशीर्वाद.

त्या रेघा माझ्या नव्हेत. मीही ती शीट एका सीनियरवरून काचेवरच गिरवली होती.

काल केतनला विचारलं. त्याने लगेच खुर्ची रिकामी करून दिली. कॉम्प्युटरवर मी पहिलं काय काढलं असेल? कपलिंग. रेघा वाकड्यातिकड्या आल्या, पण शाफ्ट कोरा ठेवला. केतनने विचारलं, इथे रेघा का नाहीत? बहिणीला विचारून सांगतो म्हणालोय.

पूर्वीने काय सांगितलं ते उलट टपाली कळव.

तुझा दादा