बिरदेवाविरुद्ध माझी दरखास्त

११ फेब्रुवारी १९४४, शुक्रवार. तुळजापूर.

संस्थानी कचेरीला शुक्रवारची सुट्टी. मोटारीनं सोलापूरला जाऊन दुपारचा खेळ पाहिला. डोक्यानं अधू असलेला एक बाप एकट्यानं मुलगी वाढवतो. श्रीमंत मावशी तिला ओढून नेते. कोर्ट होतं. शेवटी मुलगी धावत परत येते. मी इंटरव्हलच्या आधी दोनदा रडलो आणि नंतर सतत. शेजारचे गृहस्थ उठून दुसऱ्या खुर्चीवर गेले.

परतीला संस्थानच्या हद्दीवर, तामलवाडीच्या नाक्यावर झडती. माझे डोळे अजून लाल. शिपायानं विचारलं, कोण वारलं? मी म्हणालो, कोणी नाही, बोलपट पाहिला. त्यानं माझी पिशवी पुन्हा तपासली.

मोटारीतच निश्चय झाला. यापेक्षा चांगली स्टोरी मी लिहू शकतो. अकरा वर्षं कचेरीबाहेर बसून लोकांच्या दरखास्ती, अर्ज लिहितोय. माझी भाषा वाचून मोठमोठे अंमलदार गहिवरतात असं ऐकून आहे. कोणाकडून ऐकलं ते आठवत नाही.

घरी आलो तर महादेवी शेजारी खेळायला गेलेली. माझी मुलगी दिवसभर तिथंच असते. लेखकाच्या घरात शांतता हवीच.

१२ फेब्रुवारी

स्टोरीसाठी असा भोळा बाप शोधायला भूम किंवा येरमाळ्याच्या बाजूला आठ दिवस फिरून यावं, असा विचार शिवकांताला सांगितला. बायको भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, शेजारी बिरदेव आहे की.

खरंच आहे. बिरदेव आळीतल्या सगळ्यांच्या शेळ्या राखतो. बोलायला वेळ लावतो. दहाच्या पुढं मोजता येत नाही, म्हणून शेळ्या नावानं हाक मारून गोळा करतो. बायको हरणाबाई तीन वर्षांपूर्वी तापानं गेली. तेव्हापासून मुलगी अयोध्या आणि तो, दोघंच. अयोध्या सात वर्षांची.

इतकी वर्षं भिंतीला भिंत लागून राहतो, पण लेखकाच्या नजरेनं मी त्याच्याकडं पाहिलंच नव्हतं.

संकल्प : रोज पहाटे पाचला उठणे. रोज पाच पानं. महिन्यात स्टोरी पुण्याच्या कंपनीकडं रवाना.

१३ फेब्रुवारी

साडेसातला उठलो. थंडी फार.

१६ फेब्रुवारी

निरीक्षणाला सुरुवात. वही घेऊन बिरदेवाच्या ओट्यावर बसलो. निराशा झाली. बोलपटातला बाप चुलीवर दूध विसरतो, मुलीचा परकर उलटा घालतो. इथं तसलं काही नाही. बिरदेवाची भाकरी आळीत सगळ्यांत गोल. अयोध्याचा परकर सुलटा. महादेवीही तिथंच जेवत होती. मला बघून तिनं पाव्हण्याला करतात तसा नमस्कार केला.

मी बिरदेवाला विचारलं, हरणाबाईची आठवण येते का? त्यानं खूप वेळ विचार केला. मी पेन्सिल तयार ठेवली. तो म्हणाला, "येती की." आणि माझ्या हातात भाकरी दिली. एवढ्यावर सीन कसा उभा करायचा?

मग मुद्द्यालाच हात घातला. समजा, अयोध्याला कोणी नेलं तर?

"कुठं?"

लांब.

"मग म्या बी जाईन."

आणि शेळ्या?

"त्या बी येतेल."

या माणसाला ट्रॅजेडी कळत नाही. बाप मलाच नव्यानं घडवावा लागणार.

२० फेब्रुवारी

हीरो बदलला. बाप मागं ठेवला. आता हीरो म्हणजे विश्वनाथ, त्या बापाचा शेजारी. उंच, सुशिक्षित, विशाल मनाचा अर्जनवीस. त्या मुलीचं भलं व्हावं म्हणून तो कोर्टात जाऊन तिला मागून घेतो, शाळेत घालतो, आणि शेवटी बापाचे अश्रू बघून स्वतःच्या हातानं परत करतो. लिहिताना माझेच डोळे भरून आले.

शिवकांताला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, त्या विश्वनाथाच्या स्वतःच्या पोरांचं काय? मी सांगितलं, त्याला मूलबाळ नाही. ती म्हणाली, तरीच.

चांगला अभिप्राय. मात्र त्रोटक.

२६ फेब्रुवारी

कोर्टाच्या सीनवर अडलो. आधी दरखास्त लिहावी, म्हणजे पुढचं सुचेल, असं ठरवलं. नमुन्यादाखल एक लिहिली. कचेरीची भाषा उर्दू, आणि ती अशी उतरली की साऱ्या जन्मात उतरली नव्हती. 'सदर बिरदेव यास दहापुढील अंक ठाऊक नाही, तो कन्येचं भविष्य काय मोजणार' हे वाक्य तर माझं मलाच सहन होईना. खोटी नावं घालून पाहिली, पण मजा जाते. म्हणून खरीच घातली. मुलगी सांभाळायला तयार असलेला शेजारी म्हणून माझं नाव घातलं. खाली सही केली, कारण सहीशिवाय दरखास्त उघडी दिसते. कोर्ट फीचं तिकीटही लावलं. तिकिटाशिवाय रडू येत नव्हतं.

२७ फेब्रुवारी. दुपार.

नमुना सापडत नाही.

२७ फेब्रुवारी. संध्याकाळी पाच.

सापडला. सकाळी लोकांच्या दरखास्तींचा गठ्ठा मुन्सफसाहेबांच्या पेशकाराकडं, म्हणजे कारकुनाकडं दिला, त्यातच तो गेला. धावत गेलो. पेशकार म्हणाला, साहेबांनी दोनदा वाचली, आणि नऊ मार्चची तारीख दिली. म्हणाला, अकरा वर्षांत तुम्ही एवढं चांगलं काही लिहिलं नव्हतं.

मी त्याला तिसऱ्या ओळीतला अलंकार समजावून सांगितला. त्यात दरखास्त मागं घ्यायचा विषय राहून गेला. नंतर काढला, तर तो म्हणाला, नंबर पडला. आता जे बोलायचं ते साहेबांपुढं.

घरी काही सांगितलं नाही. उगीच त्यांना काळजी.

१ मार्च

बिरदेवाला समन्स आलं. तो ते माझ्याकडंच घेऊन आला. आळीत कोणाचाही कागद आला की वाचायला माझ्याकडंच येतो. मी वाचला. सगळा नाही. म्हणालो, कचेरीत बोलावलंय, अयोध्याबद्दल दोन गोष्टी विचारतील.

त्यानं विचारलं, "अयोध्याला नेणार का?"

मी म्हणालो, छे छे.

तो म्हणाला, "तुमी वाचलं म्हंजी तसंच आसंल." कागदाची नीट घडी घालून निघून गेला.

आज लिखाणात मन लागलं नाही. हवा बिघडली आहे.

२ मार्च

बिरदेवानं तोच कागद शाळेच्या मास्तरांना दाखवला. मास्तरांनी तो ओट्यावर उभं राहून सगळा वाचला, अर्जदाराच्या नावासकट. मास्तरांना वाचनात कुठं थांबावं हे कळत नाही.

शिवकांता माहेरची अक्कलकोटची. संतापली की कानडीत बोलते. आज पाऊण तास बोलली. मला कानडी समजत नाही असं मी लग्नापासून दाखवत आलोय, ते आज फार कठीण गेलं. शेवटी मराठीत म्हणाली, महादेवीला घेऊन माहेरी जाते. मग थांबली. म्हणाली, नाही, महादेवी यायची नाही, ती बिरदेवाला सोडून राहत नाही. त्यामुळं जाणं रद्द.

मी तिला समजावलं. नऊ तारखेला उभा राहून असं भाषण करणार की अख्खी कचेरी रडेल, आणि दरखास्त मागं घेणार. म्हणजे माझ्या स्टोरीचा शेवट साक्षात घडणार. ती म्हणाली, आजच जाऊन मागं घ्या. मी म्हणालो, तारखेआधी घेतली तर भाषणाला जागा राहत नाही.

३ मार्च

भाषण चार पानं झालं. अडलेला कोर्टाचा सीन त्यावरून पुरा केला आणि स्टोरी पुण्याच्या कंपनीला रजिस्टरनं पाठवली.

५ मार्च

बिरदेव तीन दिवस रानात गेला नाही. दारात बसून असतो, अयोध्याचा हात धरून. तिला पाणी प्यायचं असलं तरी दोघं उठून जातात. शेळ्या खुंट्याला बांधलेल्या, दिवसभर ओरडतात. आमच्याकडं सकाळी चहाला दूध नव्हतं. महादेवी त्याच्या दुसऱ्या बाजूला बसलेली. मी हाक मारली तर आली नाही.

मी जाऊन म्हणालो, घाबरू नकोस, मी आहे.

तो म्हणाला, "व्हय आप्पा. तुमी हाव म्हणून बरं हाय."

घरात येऊन भाषणातलं एक पान काढून टाकलं. त्यात विश्वनाथासारखा मीच फार येत होतो.

९ मार्च

आज सुनावणी झाली. जसं घडलं तसं लिहितो.

आळीतले बरेच लोक आले होते. बिरदेव धुतलेलं धोतर नेसून, अयोध्याला कडेवर घेऊन. सात वर्षांची पोर कडेवर. साहेब वयस्क, शांत. त्यांनी आधी मलाच विचारलं, मुलगी मागता, तुम्हाला स्वतःला मूल आहे?

मी म्हणालो, जी, एक मुलगी, महादेवी.

वय?

सहा.

मागून शिवकांता म्हणाली, आठवं सरत आलं.

कितवीत आहे? मी म्हणालो, मराठी शाळेत. साहेबांनी पुन्हा विचारलं, कितवीत? मी सांगितलं, प्रगती उत्तम आहे. तिला काय आवडतं? वाचन. कशाची भीती वाटते? मी छाती काढून म्हणालो, माझी मुलगी कशालाही भीत नाही.

मग बिरदेवाला विचारलं, मुलीचा जन्म कधीचा? तो विचार करत उभा राहिला. मला वाटलं, संपलं. पण साहेबांना घाई नव्हती. तो म्हणाला, "बांडी शेळी लांडग्यानं नेली, त्याच्या दुसऱ्या दिशी. पाऊस नव्हता. हरणाबाई म्हणली, एक गेली, एक आली." मग सांगतच सुटला. अयोध्याला वांगं खाल्लं की अंगावर उठतं. झोपताना तिला त्याचा अंगठा धरायला लागतो. विजा कडाडल्या की ती शेळ्यांत जाऊन बसते, मग तोही जाऊन बसतो. शाळेत दुसरीत आहे, पाढे म्हणते, ते त्याला येत नाहीत, पण ती कुठं अडते ते त्याला ऐकून कळतं.

साहेबांना काय वाटलं कोणास ठाऊक. त्यांनी विचारलं, या अर्जनविसाची मुलगी ओळखतोस?

"म्हादेवी? व्हय की. तिसरीत हाय. गाढवाला लई भेती. गाढव दिसलं की माझ्या मागं लपती. वाचायला आवडत न्हाय तिला, रानात यायला आवडतं. पाटीवर शेळ्या काडती, झ्याक काडती. गेल्या दिवाळीत ताप आल्ता तवा आप्पा आप्पा करत हुती. आप्पा कचेरीत हुते. म्या बसलो मग."

मी शिवकांताकडं पाहिलं. ती खाली बघत होती. ताप आला होता हे मला माहीत होतं. आप्पा आप्पा केलेलं माहीत नव्हतं.

साहेब म्हणाले, अर्जदाराला काही बोलायचंय? मी तीन पानं काढली. पहिली ओळ होती, 'हे न्यायासना, आज माझं हृदय बोलत आहे'. ती वाचता येईना. अक्षर माझंच, पण लागेना. एवढंच म्हणालो, दरखास्त चुकून गेली, मागं घेतो.

साहेबांनी ती खारीज केली. पेशकारानं हुकूम वाचून दाखवला. शेवटी एक ओळ जास्तीची होती : अर्जदारानं स्वतःच्या मुलीची माहिती करून घ्यावी, अडचण आल्यास बिरदेवास विचारावं. कचेरी हसली. मला रडवायची होती.

पायऱ्यांवर बिरदेव थांबला होता. म्हणाला, "मास्तर म्हणले तुमीच लिवलंय. म्या म्हणलं, आप्पांचं चुकून झालं आसंल. आन् तुमी बी तसंच म्हणला." मग अयोध्याला खाली ठेवून घाईनं निघाला. शेळ्या तीन दिवस बांधलेल्या, तीन दिवस बांधलेल्या म्हणत.

सात दिवस झाले होते. मी दुरुस्त केलं नाही.

१६ मार्च

कंपनीचं पाकीट परत आलं. सोबत चिठ्ठी : बापाचं पात्र ठीक, मात्र स्टोरी घेता येत नाही. विश्वनाथ अर्जनवीस हे विनोदी पात्र झकास जमलं आहे, ते वेगळं काढून एखादी छोटी फार्सवजा गोष्ट लिहाल तर विचार करू.

मी विनोदी काही लिहिलंच नव्हतं. पुण्यात वाचणारे लोक राहिले नाहीत.

२० मार्च, सोमवार

शिवकांता भावाच्या घरच्या बारशाला अक्कलकोटला गेली, चार दिवसांसाठी. महादेवी माझ्याकडं. मी ठरवलं, आज हिची सगळी तयारी मीच करून शाळेत पाठवायची. त्यात अवघड असं काय आहे.

वेणी घालायला बसलो. पेड तीन असतात हे ठाऊक होतं. कोणता कोणावरून जातो यावर अर्धा तास गेला. पोर हलली नाही, बोलली नाही. झाल्यावर डोक्यामागं हात फिरवून म्हणाली, छान झाली आप्पा. दप्तर घेऊन बाहेर पडली.

दोन मिनिटांनी भिंतीवरून पाहिलं. ती बिरदेवाच्या ओट्यावर पाठमोरी बसलेली. तो माझी वेणी हळूहळू सोडत होता. अयोध्या बाजूला फणी धरून उभी.

आत येऊन बसलो. मग वही न घेता तिकडं गेलो. बिरदेवानं मला बघितलं, थोडा सरकला, आणि तीन पेड माझ्या हातात दिले. म्हणाला, "हळू. वढू नगा. तिला दुखतं, पर ती सांगत न्हाय."

दोनदा सुटली. तिसऱ्यांदा अर्धी जमली, खालची त्यानं घातली. दोघी पोरी शाळेला उशिरा गेल्या. मास्तरांनी विचारलं तर काय सांगायचं, असं महादेवीनं विचारलं. बिरदेव म्हणाला, सांग, आप्पा शिकतेत म्हणावं.

उद्या लवकर या म्हणाला. म्हणाला, "आधी अयोध्याची बघा. मग म्हादेवीची घाला."