गव्हाच्या हिरव्या सालीचा प्रश्न

अहो,

आज गच्चीवरच्या कुंड्यांत गहू पेरला. तुम्ही गेल्यानंतरची ही पहिली पेरणी, म्हणून लिहायला बसले. इंदिरानगरच्या या घरात गव्हाविषयी बोलायला आता दुसरं आहे कोण?

कॉलेजात जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवूनही तुमची हौस फिटली नाही. निवृत्तीनंतर चहाच्या टेबलाशी मी एकटीच विद्यार्थिनी उरले. गव्हाचं पान उन्हात अन्न बनवतं ते एका मार्गाने, आणि मका-ज्वारीचं पान दुसऱ्या, कडक उन्हाला जास्त सोसणाऱ्या मार्गाने, हे मला पाठ झालं होतं. पण गव्हाच्या कोवळ्या दाण्यावरची हिरवी साल? ती मक्याच्या वाटेने जात असावी, असा तुमचा संशय. जाणकारांतही त्यावर वाद आहे म्हणे. आपल्या कुंड्यांतल्या गव्हाचे दाणे दुधात आले की पान आणि साल वेगवेगळी तपासायची, तुमच्या जुन्या विद्यार्थिनीच्या प्रयोगशाळेत न्यायची, सगळं ठरलं होतं.

आणि नेमके तेव्हाच गेलात. थोडं थांबला असतात तर काय बिघडलं असतं?

दहाव्याला गोदावरीकाठी कावळा पिंडाला शिवेना. वन्संनी पिशवीतून भाजलेल्या ओंब्या काढल्या. "वहिनी, दादाला लय आवडायच्या. त्यातच जीव आडकला आसंल." सकाळीच त्यांनी कुंड्यांतल्या, तुम्ही तपासणीसाठी राखलेल्या सगळ्या ओंब्या खुडल्या होत्या. ओंब्या ठेवल्या आणि कावळा आला. इच्छा पुरी झाली म्हणून सगळ्यांनी हात जोडले.

मी नाही जोडले. तुमचा जीव कशात अडकला होता ते मला ठाऊक होतं.

वन्संवर रागावणार तरी कशी? मागाहून त्यांना सगळं समजावलं, तेव्हा फार रडल्या. आज सिन्नरहून पहिल्या एसटीने आल्या आणि माती त्यांनीच कालवली.

मुलगा फोनवर म्हणाला, "आई, या वयात कशाला हा व्याप? बाबांच्या नावाने एखादं झाड लाव ना." म्हटलं, झाड लावून त्यांचा प्रश्न सुटणार नाही.

तुमच्या विद्यार्थिनीशी बोलले आहे. ओंब्या कधी तोडायच्या, बर्फात कशा ठेवायच्या, सगळं विचारून घेतलं. या वेळी मी स्वतः घेऊन जाणार. उत्तर तुमच्या बाजूने आलं तर तुमच्या फोटोसमोर मोठ्याने वाचेन. तुम्ही चुकलेले निघालात, तरी तितक्याच मोठ्याने वाचेन. तुमचं मन राखायला खोटं बोलणार नाही, हा माझा शब्द.

तुमची,
सुमन