ढब्बू शंभर टक्के

५ जानेवारी, रविवार
आजपासून रोजनिशी. बायको गेली त्याला महिना झाला. घर सोडून गेली, जग सोडून नव्हे. उगाच गैरसमज नको. तिचं कुत्र्यामांजरांचं क्लिनिक आहे, त्याच्याच वर तिसऱ्या मजल्यावर राहते. आमचा कुत्रा ढब्बू माझ्याकडे. त्याला त्याच्या घरातून उठवायला नको, असं तीच म्हणाली. मला घरातून उठवायचा प्रश्न नव्हता, मी घरातच होतो.
दर रविवारी तिचा फोन येतो. पहिला प्रश्न ढब्बू कसा आहे. दुसरा प्रश्न ढब्बू काय खातो. तिसरा नसतो. मला काय कळत नाही? कुत्र्याचं निमित्त आहे. मानी बाई आहे, तू कसा आहेस असं सरळ कशी विचारेल?
संकल्प: दोन्ही वेळा ढब्बूला फिरवणे. अंडी न फुटता उकडणे. जूनच्या परिषदेत कोल्ह्यांवरचा शोधनिबंध वाचून सगळ्यांना गार करणे. मग ती येईलच.

९ जानेवारी
लॅबमध्ये कोल्ह्यांचं नवं रक्त आलं. वनखात्याची माणसं डोंगरात पिंजरे लावतात, कोल्हा धरतात, रक्त काढून सोडून देतात. वस्तीतल्या कुत्र्यांकडून त्यांना डिस्टेंपर हा जीवघेणा रोग होतो. तो झेलण्याइतक्या अँटीबॉडीज त्यांच्यात आहेत का, हे मी मोजतो.
मोजायचं म्हणजे तुलनेला एक खात्रीचं रक्त लागतं. त्याला कंट्रोल म्हणतात. कंट्रोल म्हणजे शंभर, बाकी सगळे त्याच्या टक्क्यांत. कंपनीचा कंट्रोल मागवून वर्ष झालं, फाइल कुठल्या तरी टेबलावर झोपली आहे. म्हणून माझी आयडिया: आमचा ढब्बू! बायकोने त्याची एक लस चुकवलेली नाही. अँटीबॉडीज नुसत्या उतू जातात. दर महिन्याला घरी रक्त काढतो. ढब्बू स्वतःहून पुढचा पाय देतो, मग बिस्किट मिळतं. आमच्या तिघांतला तोच काय तो शिस्तीचा.
शेजारच्या टेबलावरचा सहकारी आहे, त्याला आम्ही शंकासुर म्हणतो. त्याचं म्हणणं, एकदाच रक्त काढ, छोट्या नळ्यांत फ्रीझ कर आणि वर्षभर तेच वापर म्हणजे मोजपट्टी हलणार नाही. मी म्हटलं ताजं ते ताजं. तरी त्याने डिसेंबरची एक नळी हट्टाने डीप फ्रीझरमध्ये टाकलीच. ती बायकोने काढलेली शेवटची. पडून राहू दे, काय खायला मागतेय?

१९ जानेवारी, रविवार
फोन आला. ढब्बू कसा? मी म्हटलं, शंभर टक्के. थाप नाही, कालच स्क्रीनवर पाहिलं. ढब्बू: १००.
ती म्हणाली, या महिन्यात त्याची वर्षाची तपासणी आणि लस असते, घेऊन ये. मी म्हटलं, अगं मी दिवसभर प्रतिकारशक्तीच मोजतो, मला काय सांगतेस! शंभरातल्या शंभरला कसली लस? तिने फोन ठेवला. पटलं असावं.
खरं कारण वेगळं. मी क्लिनिकची पायरी चढलो तर तिला वाटेल, निमित्त काढून आला. आधी तिने यावं.

१२ फेब्रुवारी
कोल्हे वर गेले! डिसेंबरात सरासरी एकतीस, आता अडतीस. साहेबांना दाखवलं. साहेबांनी चष्मा वर केला. साहेब चष्मा फक्त बढतीच्या पत्राला वर करतात.
अंडी: दोन फुटली.
ढब्बूचं पोट जरा पातळ. बिस्किटांची कंपनी बदलली.

२ मार्च, रविवार
ढब्बू हल्ली कोपऱ्यावरच्या खांबापर्यंतच येतो. तिथे बसतो आणि माझ्याकडे बघतो. आळशी झालाय. मलाही वारं लागलंच होतं, परत आलो. उद्यापासून पूर्ण फेरी.
फोन आला तेव्हा सांगितलं, दोन्ही वेळा फिरायला जातो. जातोच की.

१४ मार्च
मशीन पिसाळलंय. प्लेट घातली की लाल पट्टी: कंट्रोल मर्यादेबाहेर. टुणटुण टुणटुण. आधी वाटलं किट जुनं. नवं किट फोडलं, तरी टुणटुण. मग एसी. मग पिपेट. शेवटी सेटिंगमध्ये जाऊन ती सूचनाच बंद केली. एकदम शांतता. ढब्बू: १००. कोल्हे: ४७.
इतकी वर्षं लोक त्या मशीनच्या कटकटीला का भितात, कळत नाही.

२३ मार्च, रविवार
शेजारीण म्हणाली, तुमचा कुत्रा वाळला हो. मी म्हटलं, वाळलाय कुठे, पोट बघा. पोट खरोखरच सुटलंय. नावाला जागतोय.
बायकोलाही सांगितलं की पोट सुटलंय. ती म्हणाली, खातो का? मी म्हटलं, खात असल्याशिवाय सुटेल का?
थाळीत कालचं तसंच होतं, ते फोन ठेवल्यावर दिसलं.

१० एप्रिल
आज विचारांना नुसतं भरतं आलं. कोल्हे: ५८. माझा सिद्धांत तयार आहे. पाळलेल्या जनावराची काळजी दुसरं कुणीतरी घेतं, म्हणून त्याचं शरीर ऐदी होतं. रानातला कोल्हा एकटा. कुणी विचारत नाही, कुणी लस टोचत नाही, आणि बघा! एकटेपणाने प्राणी कणखर होतो.
हे मला माझ्याही बाबतीत जाणवतं. चार महिन्यांत एकदाही सर्दी नाही. (फेब्रुवारीतली धुळीची होती.)
साहेब खूश. परिषदेला सारांश पाठवला. शंकासुराने नेहमीप्रमाणे नाक खुपसलं: टक्के सोड, मशीनचे कच्चे आकडे दाखव. मी म्हटलं, शिजवलेलं मिळत असताना कच्चं कशाला मागतोस? सगळे हसले. तो हसला नाही. दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नाही काही लोकांना.

२२ एप्रिल
महिन्याचं रक्त काढलं. ढब्बू उठला नाही, पडल्या पडल्याच पाय पुढे केला. शीर सापडायला वेळ लागला. कुत्र्याने हूं की चूं केलं नाही. बिस्किट तोंडात धरलं, मग हळूच जमिनीवर ठेवलं.
नऊ वर्षांचा झाला. वय होतंच सगळ्यांचं.

११ मे, रविवार
आज तिने नेहमीपेक्षा जास्त विचारलं. म्हणाली, पाठीवरून हात फिरव, मणके लागतात का? फिरवला. लागले. एकेक लागला. मी म्हटलं, सडसडीत आहे. ती म्हणाली, पोट सुटलंय म्हणालास, मग पाठ सडसडीत कशी? म्हणाली, उद्या घेऊन ये, नाहीतर मीच येते.
मीच येते!
पण घराची ही कळा. सिंकमध्ये भांडी, पलंगावर पेपर, आणि मी असा. म्हटलं, नको, परिषद होऊ दे, मग ये, मोठी बातमी देतो. ती म्हणाली, बरं, निदान आत्ताचा एक फोटो पाठव.
फोटो काढला. नीट आला नाही, उजेडाचा दोष. म्हणून हिवाळ्यातला पाठवला, बागेतला, चेंडू तोंडात धरलेला. कुत्रा तोच आहे.
तिचं उत्तर आलं: गुणी बाळ.
संकल्प: उद्यापासून त्याला उकडलेलं चिकन. आणि घर झाडणे.

२८ मे, दुपार
परिषदवाल्यांचं पत्र आलं. निष्कर्ष धक्कादायक आहेत, दुसरा कंट्रोल लावून पडताळून पाहा. माझ्याकडे दुसरा कुठला असणार? शंकासुर उठला आणि फ्रीझरमधून डिसेंबरची नळी घेऊन आला. झाकणावर बायकोचं अक्षर. ढब्बूतल्या ब्बूला तिने शेपूट काढलं होतं.
त्या नळीला शंभर धरलं आणि सगळे कोल्हे पुन्हा मोजले. जानेवारीचे एकतीस. मार्चचे बत्तीस. मेचे तीस.
कोल्हे कुठेच गेले नव्हते. होते तिथेच होते.
ढब्बूचं या महिन्याचं रक्त: चौदा.
मी म्हटलं, नळी खराब झाली असेल. शंकासुराने वाद घातला नाही. टोमणाही मारला नाही. इतकंच विचारलं, कुत्रा जेवतो का रे?
मग मी कच्चे आकडे काढले. दर महिन्याला ढब्बू थोडा खाली, थोडा आणखी खाली. तो खाली गेला की कोल्हे वर. माझा सगळा चढता आलेख म्हणजे तो होता. स्क्रीनवर मात्र दर महिन्याला शंभर, कारण कंट्रोल कितीही मेलेला असला तरी शंभरच दाखवतो. त्याला त्यानेच भागलेलं असतं. हे मी दरवर्षी नव्या मुलांना पहिल्याच तासाला शिकवतो.

२८ मे, संध्याकाळ
त्याला उचलून क्लिनिकमध्ये नेलं. पायरीचा विचार मनात आला नाही. दोन हातांत मावला, वजनच लागलं नाही.
तिने त्याच्या पोटाला हात लावला आणि माझ्याकडे पाहिलं. पोट म्हणजे पाणी होतं. सुई घालून काढलं. आतड्यातून रक्तातली प्रथिनं गळत होती, अँटीबॉडीजही त्यातूनच चालल्या होत्या. मी विचारलं, बरा होईल ना? ती म्हणाली, जानेवारीत आणला असतास तर पथ्य आणि गोळ्यांवर बरीच कुत्री उभी राहतात. आता बघू.
ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. मग तिने फोन काढला, तो चेंडूवाला फोटो पाहिला आणि फोन उलटा ठेवला.

१ जून, रविवार
रोज क्लिनिकच्या बाकावर बसतो. ढब्बूला आज दोन चमचे खिमट गेलं. शेपूट एकदा हललं, मी नीट पाहिलं. तिने मला न विचारता चहा दिला. साखर माझ्या अंदाजाची, विसरलेली नाही.
तिघं पुन्हा एका खोलीत आहोत. संकटातच माणसं जवळ येतात. ढब्बू उठला की घरी सगळेच जाऊ. त्याच्यासाठी हॉलमध्ये जाड गादी घालायची. तिच्या पुस्तकांचं कपाट मी अजून हलवलेलं नाही, हे तिला सांगितलं. तिने सलाइनचा थेंब कमी केला.

५ जून
ढब्बू गेला.
श्वास लागला होता. ती म्हणाली, आता त्याला अडकवून ठेवणं बरं नाही. मी म्हटलं, उद्यापर्यंत थांबू. ती म्हणाली, तू प्रत्येक वेळी उद्याच म्हणतोस.
तिने शेवटचं इंजेक्शन भरलं. सुई दिसल्याबरोबर ढब्बूने पाय पुढे केला. आपणहून. त्याला वाटलं, महिन्याचं रक्त. ती तिथेच थांबली, तोंड भिंतीकडे केलं, आणि मग परत वळून तिनेच टोचलं. मी खिशात बिस्किट शोधत होतो. होतं. त्याच्या तोंडाशी धरून बसलो, तो गेल्यावरही.
मी त्याला मारला, हे मी तिला म्हटलं. तिने टेबल पुसायला घेतलं.

१२ जून
शोधनिबंध मागे घेतला. साहेबांचा चष्मा खाली. म्हणाले, होतं असं, पण लेखी खुलासा द्या. शंकासुर सोबत बसून खुलासा लिहू लागला. त्याने कुठेही कुत्रा असा शब्द लिहिला नाही, सगळीकडे ढब्बू लिहिलं. मीच खोडून संदर्भ नमुना केलं.
दुपारी पार्सल आलं. कंपनीचा कंट्रोल. फाइल जागी झाली म्हणायची.
सकाळी पट्टा हातात घेऊन दारापर्यंत गेलो होतो. तसाच फिरून आलो. पूर्ण फेरी झाली.

१५ जून, रविवार
सकाळपासून घर आवरलं. भांडी घासली, पलंग मोकळा केला. अंडी उकडली, एकही फुटलं नाही. फोन चार्ज करून, आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. काय बोलायचं तेही ठरवलं होतं. अंड्यांचं सांगणार होतो.
तिच्या फोनची वेळ झाली. वेळ गेली. रेंज बघितली, होती.
ती कुणाबद्दल विचारणार?