न कुजणारा किडा

२३ एप्रिल १८३७

बी आज गळ्यात बांधलं. रेशमाच्या किड्यांची अंडी ती, दिसायला नुसती खसखस — पण सिरोचं सगळं घर त्यांच्यावर उभं आहे. सकाळी त्याची बायको साविना पुरचुंडी घेऊन आली. शेगडीजवळ ठेवूनही बी उबवतात लोक, पण तिच्या सासूला, तेक्लाला, ते पटत नाही. बाईच्या छातीची ऊब ती ऊब, म्हणते. तिची स्वतःची छाती खोकल्याने खिळखिळी झालेली, साविना दिवसभर शेतात. म्हणून दर वर्षी हे काम माझ्याकडे. मला नवरा राहिला नाही, मूल झालं नाही. अंगणाच्या कोपऱ्यातल्या खोलीत बसून देवळाची वस्त्रं रफू करते. अंडी उबवायला आणखी काय लागतं!

बी घातलं ती पिशवी सिस्टर सेराफीनांच्या हातची. मी वाढले ते कॉन्व्हेंट सरकारने बंद केलं त्या दिवशी त्यांनी ती माझ्या मुठीत कोंबली होती. अजून तिला बिहीच्या फळांचा वास येतो. कॉन्व्हेंटच्या कपाटात कपड्यांच्या घड्यांमध्ये वासासाठी बिही ठेवत. वास खरंच येतो, की मला हवा आहे म्हणून येतो?

यंदा पिशवीत बियाबरोबर आणखी एक गोष्ट ठेवली. फक्त साविनाला सांगितलं. तिने वाकून पिशवीचं चुंबन घेतलं.

२५ एप्रिल, संत मार्कचा सण

फादर एलियांनी बियांवर पाणी शिंपडलं. रांगेत आम्ही बायका, प्रत्येकीच्या गळ्यात पुरचुंडी. जमिनीच्या मालकांचा कारभारी दारातच उभा होता. सिरोच्या खांद्यावर हात टाकून हसत म्हणाला, "दोन वर्षं कोश कमी पडले. यंदाही पडले, तर संत मार्टिनच्या दिवशी बैल जुंपून ठेव बरं."

सिरोही हसला. काय करणार? दर नोव्हेंबरात त्या दिवशी रस्ते गाड्यांनी भरतात — खाटा, कोंबड्या, म्हाताऱ्या. शेत एकाचं सुटतं, दुसऱ्याला मिळतं. पण सिरो याच घरात जन्मला. आणि साविनाचं बाळ इथल्या मातीत आहे.

२८ एप्रिल

पिशवीत काय आहे, ते इथे तरी लिहावं.

साविना माझी धर्मकन्या, बाप्तिस्म्याला मीच तिला हातात धरलं होतं. गेल्या जूनमध्ये तिचं पहिलं बाळ गेलं. दोनच दिवसांचं. मी तिच्या उशाशी होते. पाला घालायला कोणी नव्हतं म्हणून मधेच माळ्यावर गेले, तर किडे ठेवायच्या वेताच्या तट्टीवर एक किडा मेलेला. पांढरा शुभ्र, खडूसारखा ताठ. बाकीचे हिरवा पाला खात होते. एरवी मेला किडा काळा पडतो, पाणी सुटतं, वास येतो. हा कुजलाच नाही! आठवड्याने पाहिला, महिन्याने पाहिला — तसाच.

कॉन्व्हेंटच्या वेदीखाली काचेच्या पेटीत एक संत बाई झोपलेली होती. दोनशे वर्षांची. सेराफीना आम्हा मुलींना हात धरून दाखवायला नेत. "देवाला जो आवडतो, त्याला माती शिवत नाही." मला तेच आठवलं. कापसात गुंडाळून, टिनच्या डबीत घालून ठेवला. साविनाला दाखवला तेव्हा ती बाळंतपणानंतर पहिल्यांदा रडली. तोवर रडलीच नव्हती. अधूनमधून येते, डबी उघडते, बघते आणि जाते. आम्ही त्याला किडा म्हणत नाही.

यंदा घरावर बेतलंय, म्हणून त्याला डबीतून काढून बियाच्या सोबतीला दिलं.

५ मे

फुटलं! पिशवीत वळवळ — काळे, केसाएवढे. तुतीचं कोवळं पान ठेवलं, सगळे चढले. सिरोने पान दोन्ही हातांनी माळ्यावर नेलं. मी त्याला पुन्हा डबीत निजवून डबी फळीवर ठेवली.

१७ मे

काही किडे मेले. आधी मऊ, मग गुलाबीसर. तेक्लाने उकिरड्यावर टाकले. "नाजूक होते, गेले," म्हणाली. मी घरी येऊन जपमाळ केली.

२९ मे

शेवटची कात टाकून झाली. आता नुसतं खाणं. सिरो शिडीवरून उतरतच नाही, झाडं ओरबाडून उघडी केलीत. माणसं उभ्याउभ्या मक्याचा घाटा गिळतात, किडे आरामात जेवतात. तेक्ला म्हणाली, "मला किडा कर रे देवा, पण या घरातला नको, मालकाच्या घरातला कर."

साविना हसली. तिला दिवस गेलेत. आज मला सांगितलं.

२ जून

वरच्या तट्टीवर ताठ पडलेत. काल खात होते.

३ जून

बाळाला जाऊन वर्ष झालं. आम्ही दोघी कबरीवर जाणार होतो. दिवसभर सगळे माळ्यावरच होतो.

४ जून

पांढरे. सगळे पांढरे. तट्टीवर तट्टी, जणू कोणी पीठ चाळलं. हात लावला की बोटाला पूड लागते. कोश करायला लावलेल्या काटक्या कोऱ्याच्या कोऱ्या उभ्या आहेत.

तेक्ला मधोमध स्टुलावर बसून होती. खोकला थांबल्यावर मला म्हणाली, "तुमचा तो न कुजणारा मला माहीत आहे, बाई. सूनबाई झोपेत बडबडते. बघा, हे सगळेच संत झाले! आता यांच्याकडेच मागा कोश."

रागाने नाही म्हणाली. तेच जास्त लागलं.

५ जून

एक कोश नाही.

२५ जून

फादर एलिया लोदी शहरात जाऊन आले. दुपारी अंगणातल्या पुरुषांना गोळा केलं. मी खिडकीत शिवत बसले होते, सगळं ऐकू आलं.

हा हवेचा दोष नाही, दृष्ट नाही, शिळा पालाही नाही. तिकडे एका माणसाने वर्षानुवर्षं ताडून पाहिलंय — ती पांढरी पूड म्हणजे बुरशी आहे. भाकरीवर येते तशी, पण जिवंत किड्याच्या आत वाढते. मेलेल्या किड्यावरची पूड बोटाने, कपड्याने, माशीच्या पायाने दुसऱ्याला लागते. वर्षभर पडून राहिली तरी जोर जात नाही. मिलानच्या पंडितांनी नुकतंच तिला लॅटिन नाव दिलंय.

सिरोने विचारलं, "मग आमच्याकडे आली कुठून, फादर?"

"मेलेला किडा कुठेतरी राहिला असेल. एक पुरतो."

सुई बोटात गेली. कापडावर डाग पडला, वेदीच्या कापडावर.

बुरशीला नाव ठेवलं. साविनाच्या बाळाचं नाव ठेवायलाही वेळ मिळाला नव्हता.

२६ जून

मी केलं. माझ्या छातीशी धरून केलं.

२ जुलै

सिरोने तट्ट्या जाळल्या. माळा चुन्याने पांढरा केला, फडकी राखेच्या पाण्यात उकळली. फादरांनी सांगितलं तसं, एक गोष्ट चुकवली नाही. मीही पिशवी तीनदा उकळली. बिहीचा वास गेला.

डबी मात्र... चुलीपाशी नेली, उघडली. तो कापसात निजलेला. परत फळीवर ठेवली.

१५ जुलै

साविनाला सांगायला हवं. रोज ठरवते. आज ती तुतीखाली बसून शेंगा सोलत होती, पोट आता दिसतं. म्हणाली, "मावशी, सिरो म्हणतो मेलेल्यापासून आलं. कुठल्या घाणेरड्या घरातून आलं असेल हो?"

काय सांगू? तुझं बाळ समजून जे जपलं, त्यानेच तुझं घर बुडवलं? तिला जे एवढंसं उरलंय, तेही काढून घेऊ? बियाच्या फेरीवाल्याकडून आलं असेल म्हणाले. म्हणाले मी तसं!

२९ सप्टेंबर

कारभारी येऊन सांगून गेला. घर खाली करायचं. या वेळी हसला नाही, एवढं खरं.

१८ ऑक्टोबर

सिरोला नदीपलीकडे जागा मिळाली. मालक बरा आहे म्हणे, तुतीची झाडं जुनी, मोठी. तिथला किड्यांचा माळा कधी आजारी पडलेला नाही — सिरो दोनदा बोलला हे. "सगळं स्वच्छ करूनच नेतोय, मावशी. तिथे काही जाणार नाही."

खरंच काही जाणार नाही. डबी इथे माझ्याकडे आहे. ती मंडळी गेली की चुलीत टाकीन, मग साविनाला कधी कळणारही नाही. वसंतापर्यंत कुठे किडे आहेत? घाई कशाला?

११ नोव्हेंबर, संत मार्टिन

गेले.

तेक्लाला गाडीवर गादीत बसवलं. "बघा, राणी निघाली," म्हणाली, आणि पुढे खोकलाच. सिरोने उंबऱ्याला हात लावला, वळून पाहिलं नाही.

साविना निरोप घ्यायला खोलीत आली. सिस्टर सेराफीनांची पिशवी मी तिला दिली — धुतलेली, कोरी, निर्धोक. तिने ती पोटावर धरली. भाजलेल्या चेस्टनटचं गाठोडं आणायला मी चुलीकडे गेले. परत आले तर ती फळीपाशी उभी. डोळे पुसत होती. बाळाला बघून घेतलं असेल, म्हणून मी थोडी थांबले, मागेच उभी राहिले.

गाडीत चढताना माझा हात घट्ट धरला. "येत्या वसंतात बी मी उबवीन, मावशी. तुम्ही उबवायचात अगदी तसंच."

धुकं होतं. वळणानंतर फक्त चाकं ऐकू आली.

१२ नोव्हेंबर

चुलीत टाकायला डबी उघडली. कापूस आहे. कापसाला पांढरी पूड आहे. तो नाही.